मुले सांभाळता येतात, एवढे पुरेसे नाही

रिक्षा चालवायची तर परवाना लागतो. औषधांचे दुकान टाकायचे तर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगावे लागते. लग्नाच्या दावतीसाठी बावर्ची ठरवतानाही आपण चार घरी चौकशी करतो, हात कसा आहे, वेळ पाळतो का, हे विचारतो. आपली मुले मात्र रोज सहा-आठ तास ज्यांच्या हवाली करतो, त्यांच्याविषयी आपले प्रश्न किती तोकडे असतात! शाळेत निकाल किती टक्के लागतो, शिकवणीची फी किती, मकतबमधील उस्तादांचे उच्चार स्वच्छ आहेत का, व्हॅनवाले चाचा ओळखीचे आहेत का, इतके विचारले की आपले समाधान होते.

एक प्रश्न आपण जवळपास कधीच विचारत नाही. उद्या एखादे मूल रडत येऊन या माणसाला काही सांगू लागले, तर पुढे काय करायचे हे या माणसाला कोणी शिकवले आहे का?

या महिन्याच्या सदरात आम्ही याच प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. विषय अवघड आहे, आणि घरात मोठ्याने बोलला जात नाही. म्हणूनच घरातल्या मासिकात तो यायला हवा असे आम्हाला वाटते.

आधी थोडे आकडे

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचाराचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले होते. त्यातील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. त्रास सोसलेल्यांमध्ये मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे जास्त होते. ‘मुलगा आहे, त्याला काय होणार’ असे म्हणून आपण मुलग्यांच्या बाबतीत निर्धास्त राहतो. ही बेफिकिरी किती फसवी आहे, ते या एका आकड्यावरून कळते.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले, तर मुलांवरील गंभीर लैंगिक गुन्ह्यांमध्ये दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा निघतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणारा, ने-आण करणारा. आपण मुलांना शिकवतो, ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस.’ धोका बहुतेक वेळा ओळखीच्या चपला घालून दारात येतो. मग मुलाला नुसते सावध करून भागत नाही. मुलाच्या आसपासची मोठी माणसे तयार असावी लागतात.

कायदा काय म्हणतो

संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करारनामा मंजूर केला आणि भारताने डिसेंबर १९९२ मध्ये तो स्वीकारला. जगणे, वाढणे, संरक्षण मिळणे आणि आपले म्हणणे ऐकले जाणे हे मुलाचे हक्क आहेत, ती मोठ्यांची मेहरबानी नाही, हा त्याचा गाभा. पुढे आपल्याकडे दोन महत्त्वाचे कायदे झाले. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. दोन्हींत अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, मुलगी असो वा मुलगा.

पोक्सोचे कलम १९ प्रत्येक घराने पाठ करावे असे आहे. मुलावर असा गुन्हा झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळले, त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. ‘ज्याला’ म्हणजे कोणालाही. शिक्षक, डॉक्टर, उस्ताद, शेजारीण, मामू, कोणीही सुटत नाही. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कैद एक वर्षापर्यंत जाते. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतेही बालंट येत नाही, असेही हाच कायदा सांगतो.

हे नुसते कागदावर राहिलेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका वसतिगृहातील मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण उघडकीला आले होते. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर, माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असून गप्प राहणे हाही गंभीर गुन्हा आहे, असे स्पष्ट केले.

ऑगस्ट २०२४ मधले बदलापूर आपण विसरलेलो नाही. शिशुवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वेळेवर न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातील माणसांवरही गुन्हा दाखल झाला. त्यानंतर शाळांतील कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांविषयी सरकारचे आदेश निघाले.

कॅमेरा हवाच. पण कॅमेऱ्याला कान नसतात. मूल जेव्हा अडखळत काही सांगू पाहते, तेव्हा ते ऐकायला माणूसच लागतो, आणि तो शिकलेला लागतो.

प्रशिक्षणात नेमके शिकवतात काय?

पुष्कळांना वाटते, यात शिकण्यासारखे काय आहे? प्रेमाने वागले की झाले. एक उदाहरण घेऊ. समजा, आठ वर्षांची एक मुलगी सुट्टी झाल्यावर मागे रेंगाळते आणि शिकवणाऱ्या आपांना म्हणते, “मला त्या घरी नाही जायचं. ते मला त्रास देतात.”

आपा मायेच्या आहेत, पण त्यांना कोणी काही शिकवलेले नाही. त्या दचकतात. “असं बोलू नये बेटा, मोठी माणसं आहेत ती,” असे पटकन तोंडातून निघून जाते. मग प्रश्नांची सरबत्ती होते. कधी, कुठे, नक्की ना, तू आधी का नाही सांगितलंस, त्यांनी असं असं केलं का? मुलगी गोंधळते, घाबरून मान हलवते. आपा दुसऱ्या आपांना बोलावतात, पुन्हा तीच कहाणी वदवून घेतात. संध्याकाळपर्यंत चार घरी बातमी पोहोचते. कोणीतरी त्या माणसालाच जाब विचारायला जाते. तो कसम खातो, मुलीच्या घरावर दबाव येतो. रात्री मुलगी म्हणते, “मी खोटं बोलले.” प्रकरण मिटले असे सगळे समजतात. मुलगी एकच गोष्ट शिकते, की सांगून उपयोग नसतो.

यातल्या एकाही माणसाच्या मनात वाईट नव्हते. तरी मुलीचे नुकसान झाले, आणि ज्याने त्रास दिला तो सावध झाला.

आता शिकलेल्या आपा काय करतील ते पाहू. त्या चेहऱ्यावर धक्का दाखवत नाहीत. मुलीच्या उंचीला येऊन बसतात. तिला तिच्या शब्दांत, तिच्या गतीने बोलू देतात. विचारलेच तर “मग काय झालं?” एवढेच मोकळे विचारतात, उत्तर तिच्या तोंडात घालत नाहीत. तीन वाक्ये जरूर म्हणतात: “तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. मी तुझं ऐकते आहे.” “कोणाला सांगणार नाही” असे वचन त्या देत नाहीत, कारण ते पाळता येणार नाही. “तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच मी सांगेन,” असे खरे ते सांगतात. मुलगी गेल्यावर तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवतात. स्वतः तपास करत नाहीत, त्या माणसाला गाठत नाहीत. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच घरी मुलीला पाठवले जाणार नाही, एवढे आधी पाहतात, आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवतात. काय करायचे सुचत नसेल तर १०९८ ला फोन लावतात.

फरक फक्त पहिल्या दहा मिनिटांचा आहे. पण ही दहा मिनिटे मायेने आपोआप जमत नाहीत. त्यासाठी सराव लागतो. चांगल्या प्रशिक्षणात असे प्रसंग बसवून, एकमेकांसमोर करून बघायला लावतात. न बोलणाऱ्या मुलाची लक्षणे ओळखायला शिकवतात. अचानक अंथरूण ओले होणे, एका ठरावीक जागी जायला नकार देणे, अभ्यासातून लक्ष उडणे, एखाद्या माणसाच्या नावाने गप्प होणे, वयाला न शोभणारे बोलणे. यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे तेच झाले असे नव्हे. पण चौकस व्हायला ते पुरेसे आहे.

पोक्सोच्या २०२० च्या नियमांत हे बंधनकारक केले आहे. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती शाळा असो, पाळणाघर असो, खेळाची अकादमी असो की मुलांसाठीची आणखी कोणतीही सोय, आपल्या सर्व माणसांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आणि त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण द्यायचे. यात शिकवणारे आले, शिपाई आले, सफाई करणारे आले, कंत्राटी माणसेही आली.

छडीचा प्रश्न

बालसंरक्षण म्हणजे फक्त लैंगिक अत्याचारापासून संरक्षण नव्हे. मारणे, सर्वांसमोर अपमान करणे, कोंडून ठेवणे हेही त्यातच येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळल्या गेल्या. म्हणून काही जण समजतात की तिथे छडीला मोकळीक आहे. हा गैरसमज आहे. बाल न्याय कायद्याचे कलम ७५, ज्याच्या ताब्यात मूल आहे अशा कोणालाही लागू होते. मुलाला मारहाण करून विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पोक्सो तर सगळीकडेच लागू आहे.

आम्ही अनेक उस्तादांना ओळखतो. तुटपुंज्या पगारावर, एका खोलीत चाळीस-पन्नास मुले सांभाळणारी ही माणसे आहेत. त्यांना स्वतःला छडीखालीच शिकवले गेले, दुसरी रीत त्यांना कोणी दाखवली नाही. त्यांच्यावर नुसता ठपका ठेवून काही बदलणार नाही. गोंधळ घालणाऱ्या मुलाला कसे आवरायचे, सबक विसरणाऱ्या मुलाच्या मागे काही अडचण आहे का हे कसे पाहायचे, राग आला की स्वतःला कसे थांबवायचे, हे शिकवता येते. शिकवल्यावर बदल होतो. तो खर्च मशीद कमिटीने किंवा ट्रस्टने उचलावा. रंगरंगोटी आणि पंख्यांसाठी चंदा निघतो, तर यासाठीही निघावा.

‘इज्जतीचा प्रश्न आहे’

हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांत किती तक्रारी गिळून बसले आहे, कोणास ठाऊक. त्यामागची भीती खरी आहे, तिची टवाळी करण्यात अर्थ नाही. मुलीचे नाव होईल, पुढे रिश्ते येणार नाहीत, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, असे आईला वाटते. म्हणून कायद्यात काय सोय आहे ते तिला माहीत हवे.

मुलाचे नाव, फोटो, पत्ता, शाळा, घरचे लोक, ओळख पटेल असे काहीही छापायला वा दाखवायला मनाई आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकारी गणवेशात नसावा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. दवाखान्याने उपचारापूर्वी पोलिसांचा वा कोर्टाचा कागद मागायचा नाही. कोर्टात मूल आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत अशी व्यवस्था करायची. मुलाची भाषा वेगळी असेल तर दुभाषी मिळतो. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते, आणि समिती कुटुंबाला साथ देण्यासाठी एक सहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती तपासापासून खटला संपेपर्यंत मुलाच्या बाजूला उभी राहते.

हे सगळे प्रत्येक ठिकाणी नीट होते असे आम्ही म्हणणार नाही. बदलापूरने ते दाखवूनच दिले. पण आपला हक्क ज्याला ठाऊक आहे, त्याला टोलवणे अवघड जाते. प्रशिक्षण पोलिसांनाही लागते आणि न्यायासनावर बसणाऱ्यांनाही. बाल न्याय मंडळाच्या सदस्यांना, दंडाधिकाऱ्यांसकट, नेमणुकीपासून साठ दिवसांत प्रशिक्षण द्यावे, असे कायदाच सांगतो. न्याय देणाऱ्यालाही मुलांशी वागायला शिकावे लागते, हे कायद्याने मान्य केले आहे. मग आपण घरी बसून ‘आम्हाला येते’ म्हणणारे कोण?

‘मुलांना असले काही शिकवले की त्यांच्या मनात नको ते भरते,’ अशीही तक्रार आम्ही ऐकतो. लहान मुलाला एवढेच सांगायचे असते की कपड्याखालचे अंग तुझे आहे, आंघोळ घालताना अम्मीने किंवा दवाखान्यात तिच्यासमोर डॉक्टरांनी पाहिले तर ठीक, इतर कोणी हात लावला तर ‘नाही’ म्हण, तिथून निघून ये आणि मला सांग. यात हयेला बाधा येईल असे काही नाही. उलट हयेचा अर्थ मुलाला यातूनच कळतो.

हा एक पेशाही आहे

दहावी-बारावीनंतर काय, असे विचारणाऱ्या मुला-मुलींसाठी एक गोष्ट सांगायची आहे. बालसंरक्षण हे आता शिकून करायचे काम झाले आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहे, हेल्पलाइन, स्वयंसेवी संस्था, शाळांतील समुपदेशन, सगळीकडे समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेली माणसे लागतात. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था येथे समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. १०९८ ही हेल्पलाइनसुद्धा १९९६ साली मुंबईत टाटा संस्थेच्याच एका प्रकल्पातून उभी राहिली, आणि पुढे देशभर पसरली.

आपल्या मुलींना या कामात एक जास्तीची जमेची बाजू आहे. घाबरलेले मूल घरच्या बोलीतच बोलते. मालेगावचे मूल दखनीत बोलेल, रत्नागिरीचे कोकणीत, भिवंडीचे आणखी वेगळ्या हिंदीत. मराठीत कागद लिहू शकणारी आणि मुलाशी त्याच्या बोलीत बोलू शकणारी एखादी मुलगी तिथे असेल, तर त्या मुलाचे अर्धे ओझे तिथेच उतरते. दुभाषी, तज्ज्ञ आणि सहाय्यक व्यक्तींची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे ठेवलेली असते. त्या यादीत आपल्या मुला-मुलींची नावे असायला काय हरकत आहे?

या महिन्यात करता येण्यासारखे

पहिले, शाळेत, शिकवणीत, मकतबमध्ये पुढच्या पालकसभेत चार प्रश्न विचारा. इथल्या सर्वांची पोलीस पडताळणी झाली आहे का? बालसुरक्षेचे प्रशिक्षण शेवटचे कधी झाले? मुलाने तक्रार केली तर ती कोणाकडे जाते? मूल आणि मोठा माणूस बंद दाराआड एकटे राहतील अशी खोली इथे आहे का? आवाज चढवायची गरज नाही. चार पालकांनी मिळून विचारले की उत्तर द्यावे लागते.

दुसरे, आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला पत्र लिहून मोहल्ल्यात एक शिबिर मागा. गावात असाल तर ग्राम बाल संरक्षण समिती आहे का, तिची बैठक होते का, ते सरपंचांना विचारा. शिबिरात महिलांच्या बरोबरीने पुरुषांनाही बसवा, उस्ताद, व्हॅनवाले, क्रिकेट शिकवणारे तरुण, सगळ्यांना.

तिसरे, १०९८ हा नंबर फ्रिजवर चिकटवा आणि मुलांना पाठ करून घ्या. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो.

आणि चौथे, आज जेवताना मुलाला एवढेच सांगा, “तुला कोणाचंही वागणं आवडलं नाही, तर मला सांग. तो माणूस कोणीही असो. मी रागावणार नाही.” हे एकदा सांगून पुरत नाही, अधूनमधून पुन्हा सांगावे लागते. आणि मूल कधी खरोखरच सांगायला आले, तर हातातले काम बाजूला ठेवून ऐका.